अमेरिकेत उपाध्यक्षाचा उमेदवार पाहून कोणी मत बदलतं का खरंच?

खामलेकर:
नमस्कार मंडळी, राजकारणाचा विषय आहे पण आपल्याकडचा नाही त्यामुळे कृपया भांडू नका. आमचं ऑफिस मिहानला, क्लायंट सगळे अमेरिकेचे, म्हणून २०२४ पासून टपरीवर चहा घेताना ट्रम्प-हॅरिस सुरूच असतं, आणि टीममधला एक जण अजूनही छातीठोकपणे सांगून राहिला की कमला हॅरिसनं मिनेसोटाच्या टिम वॉल्झऐवजी पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर जोश शपिरो घेतला असता तर ती जिंकली असती. मला काही हे पटत नाही पण त्याला गप्प करायला मुद्दा सुचत नाही. उपाध्यक्षाच्या उमेदवारानं मतं खरंच हलतात का, की हे नुसतं टीव्हीवाल्यांचं पोट भरायचं साधन आहे? आपल्याकडे उपराष्ट्रपती खासदार निवडतात, त्यामुळे आपल्याला हा प्रकारच माहीत नाही.

तर्रीपोहे_४४०:
काहून इतका विचार करून राहिला भाऊ, सरळ बेरीज कर ना. तिथे बहुतेक राज्यांत जो जिंकला त्याला राज्याचे सगळे इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. हॅरिसला मिळाले २२६ इलेक्टर, पेनसिल्व्हेनियाचे १९. झाले २४५. पाहिजेत किती तर २७०. म्हणजे शपिरोनं आपलं राज्य अख्खं खिशात टाकून आणलं असतं तरी मिशिगनचे १५ आणि विस्कॉन्सिनचे १० लागलेच असते, तेव्हा कुठे काठावर २७० होतात. आता पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरकडं पाहून मिशिगनमधला माणूस कायले मत देईन बे? तुझ्या टीमवाल्याला म्हणा आधी कॅल्क्युलेटर घे.

महालचा_मास्तर:
बेरीज बरोबर आहे पण त्याच्याही आधीचा प्रश्न आहे की गृहराज्य तरी मिळतं का. तर १९८८ चं उदाहरण बघा, मला फार आवडतं ते. डेमोक्रॅट उमेदवार मायकेल डुकाकिस मॅसॅच्युसेट्सचा, त्यानं टेक्सास मिळावं म्हणून तिथला सिनेटर लॉइड बेंटसेन सोबत घेतला. माणूस वजनदार, डिबेटमध्ये त्यानं समोरच्या डॅन क्वेलला असं काही सुनावलं की ते वाक्य आजही लोक सांगतात. आणि टेक्सासच्या कायद्यात सोय होती म्हणून बेंटसेन त्याच निवडणुकीत सिनेटसाठीही उभा होता. निकाल काय तर टेक्सासच्या लोकांनी बेंटसेनला सिनेटवर आरामात परत पाठवलं आणि त्याच दिवशी त्याच मतपत्रिकेवर डुकाकिस-बेंटसेन जोडीला पाडून बुश-क्वेलला निवडलं. म्हणजे माणूस आवडत होता, ओळखीचा होता, पण त्याच्यासाठी वरचा उमेदवार कोणी गिळला नाही. क्वेलची तर देशभर टिंगल चालली होती, तरी बुश ४० राज्यं जिंकला.
असंच २०१२ ला उपाध्यक्षाचा उमेदवार पॉल रायनचं, स्वतःची खासदारकी राखली पण त्याचं विस्कॉन्सिन ओबामाकडे गेलं. २००४ ला जॉन एडवर्ड्सचं नॉर्थ कॅरोलिना पण गेलं. हिलरीच्या जोडीदार टिम केनचं व्हर्जिनिया २०१६ ला मिळालं म्हणा, पण ते त्याच्या आधी दोनदा ओबामाला मिळालंच होतं.

ओहायोतला_नागपूरकर:
मी मूळचा त्रिमूर्तीनगरचा, बरीच वर्षं कोलंबसला आहे, मत देतो इथे. एक गोष्ट तिकडून नीट दिसत नाही ती सांगतो. इथे दोघांची नावं एकत्र छापलेली असतात आणि समोर गोळा एकच. अध्यक्ष एका पार्टीचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्याचा असं करताच येत नाही. २०१७ ला आपल्या महापालिकेत चार जणांचा प्रभाग होता ना, माझ्या बाबांनी तीन बटणं एका पार्टीची आणि चौथं ओळखीतल्या माणसाचं दाबलं होतं. इथे ती मुभाच नाही, त्यामुळे दोन नंबरचा कितीही चांगला असो, एक नंबरचा नको असेल तर गोष्ट तिथेच संपते.
ट्रम्पनं २०२४ ला उपाध्यक्षासाठी घेतलेला जे. डी. वान्स आमच्याच राज्याचा. पण ओहायो ट्रम्पनं २०१६ आणि २०२० ला साधारण ८-८ टक्क्यांनी आधीच घेतलेलं होतं, वान्स नसता तरी काही फरक पडला नसता. माझ्या तेलुगू शेजाऱ्यांना मात्र त्याच्या तेलुगू वंशाच्या बायकोचं, उषा वान्सचं भारी कौतुक, डिबेटच्या दिवशी घरी बोलावून समोसे खाऊ घातले, आणि मत कोणाला दिलं विचारलं तर काकू म्हणाल्या हॅरिसला 😄

धंतोलीचे_वकील:
तुम्ही सगळे एकाच बाजूने सुटला आहात म्हणून थोडा ब्रेक लावतो. १९६० विसरलात का? केनेडी बोस्टनचा कॅथलिक, दक्षिणेत त्याला कोण विचारत होतं. लिंडन जॉन्सनला घेतलं, तो गडी रेल्वेनं दक्षिणेतली राज्यं फिरला, आणि टेक्सास जेमतेम ४६ हजार मतांनी मिळालं. हे जॉन्सनशिवाय झालं असतं असं छातीवर हात ठेवून सांगा.
दुसरं म्हणजे २०१६. ट्रम्पची तीन लग्नं, कसिनोचा धंदा, चर्चला जाणारी मंडळी बिचकत होती. उपाध्यक्षासाठी धार्मिक वळणाचा माइक पेन्स आल्यावर त्यांना वाटलं चला आपला एक माणूस आत आहे. राज्य नाही मिळत हे मान्य, पण घरातली रुसलेली माणसं परत पंगतीला बसतात, आणि प्रचाराला हीच माणसं दारोदार फिरत असतात. याला तुम्ही परिणाम म्हणणार नाही का?

महालचा_मास्तर:
वकीलसाहेब, जॉन्सनचं मान्य, टेक्सास त्याच्यामुळे आलं असं मीही म्हणेन. पण गंमत बघा, केनेडीला ३०३ इलेक्टर होते आणि तेव्हा लागत होते २६९. टेक्सासचे २४ काढले तरी २७९ उरतात. म्हणजे सगळ्यात गाजलेल्या उदाहरणातसुद्धा एकट्या टेक्सासनं निकाल फिरला नसता. दक्षिणेतली आणखी एकदोन राज्यं त्यानं सावरली असतील तर गोष्ट वेगळी, ते कोणी सिद्ध करू शकत नाही. पेन्सबद्दल म्हणाल तर त्याच वर्षी मे मध्ये ट्रम्पनं सुप्रीम कोर्टासाठी जजांच्या नावांची यादीच छापून टाकली होती, चर्चवाली मंडळी पेन्सवर भाळली की त्या यादीवर, वेगळं कसं करणार?
माझं म्हणणं इतकंच की लोक उपाध्यक्षाला मत देत नाहीत, उपाध्यक्ष निवडणाऱ्याला तोलतात. हा त्याचा पहिला मोठा निर्णय असतो ना, सत्ता हातात नसताना घेतलेला. तिकडच्या अभ्यासकांचंही साधारण हेच मत आहे, थेट मतं फार थोडी हलतात, पण या निवडीवरून उमेदवाराच्या अकलेबद्दल जे मत होतं ते मात्र टिकतं.
आणि ते बहुतेक वेळा वाईटच बाजूनं टिकतं. १९७२ ला डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्ननं थॉमस ईगलटन घेतला, मग बाहेर आलं की त्याला डिप्रेशनसाठी शॉक ट्रीटमेंट झाली होती. आजारपणात लाज कसली, पण मॅकगव्हर्न आधी म्हणाला मी त्याच्या पाठीशी हजार टक्के आहे आणि थोड्याच दिवसांत त्याला बाजूला केलं. अवघ्या १८ दिवसांची उमेदवारी. लोकांनी ईगलटनपेक्षा मॅकगव्हर्नलाच जास्त धरलं, की ह्याचा शब्द म्हणजे काय. तो निक्सनपुढे तसाही हरलाच असता, पण फक्त मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी हाती लागली ते बघा.
अलास्काची गव्हर्नर सेरा पेलिनचंही तसंच. २९ ऑगस्ट २००८ ला रिपब्लिकन उमेदवार मॅकेननं तिचं नाव जाहीर केलं, त्याच दिवशी तो ७२ वर्षांचा झाला. पहिले दोन आठवडे नुसता जल्लोष, सभांना गर्दी, सर्व्हेत मॅकेन पुढेसुद्धा गेला होता. मग तिच्या मुलाखती झाल्या. आता ७२ वर्षांच्या माणसाच्या मागे उभी राहणारी बाई कशी आहे हा प्रश्न लोकांना साहजिकच पडतो, आणि मॅकेनचा सगळा प्रचार अनुभवावर होता, तोच पोकळ वाटायला लागला. एक्झिट पोलमध्ये निम्म्याहून जास्त लोक म्हणाले ती या पदाला लायक नाही. अर्थात १५ सप्टेंबरला लेहमन ही मोठी बँक बुडाली, त्यापुढे पेलिन काय आणि कोण काय.

तर्रीपोहे_४४०:
हेच म्हणून राहिलो मी पहिल्यापासून, फक्त मास्तरांसारखं बोलता नाही येत 😂

खामलेकर:
बेंटसेनवालं आजच सांगतो त्याला. पण मग मला हे कळत नाही की एवढा थोडा परिणाम असेल तर हे लोक आठवडेच्या आठवडे छाननी कशाला करतात, डझनभर नावं, टॅक्सचे कागद, आजारपणाची फाइल, बायकोचा बिझनेस.

धंतोलीचे_वकील:
कारण आजवर ९ उपाध्यक्ष अध्यक्ष मध्येच गेल्यामुळे खुर्चीवर बसलेत, ८ मृत्यूमुळे आणि फोर्ड राजीनाम्यामुळे. मत हलो न हलो, घर याच्या हाती जाऊ शकतं. आणि ईगलटननंतर कोणीही बिनछाननीचा माणूस घेण्याची हिंमत करत नाही.
शिवाय काही वेळा राज्याचा हिशोब डोक्यात नसतोच. २००० ला धाकट्या बुशनं डिक चेनी घेतला, तो वायोमिंगचा, इलेक्टर तीन, तेही आधीच रिपब्लिकन. अनुभवी माणूस पाहिजे होता बस. पण चेनी तेव्हा बुशसारखाच टेक्सासला राहायचा, आणि त्यांच्या घटनेत असं आहे की इलेक्टरनं आपल्याच राज्याच्या दोघांना मत देता येत नाही. म्हणून त्यानं जुलैत वायोमिंगला जाऊन मतदार नोंदणी बदलून घेतली. त्यावर कोर्टात केसपण झाली होती, टिकली नाही. आता बुश जिंकला २७१ वर आणि टेक्सासचे होते ३२. पत्ता बदलला नसता तर बुश अध्यक्ष होऊन चेनीला २३९ च मिळाले असते आणि उपाध्यक्ष कोण ते सिनेटला ठरवावं लागलं असतं.