टाळ वाजवा, अन्नदान करा, पण न्यायाचं नाव काढू नका?

आगाऊ:
'भजनी मंडळींनी टाळ वाजवावेत, फार तर अन्नदान-रक्तदान करावं. न्याय-हक्काच्या भानगडीत पडलं की भक्ती बाटते.' काल एका महाशयांनी हे लिहिलं. दोनदा उत्तर लिहून पुसलं, आता राहवत नाही.

विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, तेव्हा ते प्रार्थना समाजाचे प्रचारक होते. उपासना चालवणारा माणूस! १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले, ते विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून. यांची भक्ती बाटली? पंगत वाढली की पुण्य, आणि पंगतीत अमका का नाही असं विचारलं की राजकारण. सोयीचं आहे.

जुना पापी:
महाशय हजर आहे. शिंद्यांचं मिशन ही वेगळी संस्था होती. उपासना तिकडे, काम इकडे. मी तरी दुसरं काय म्हणतोय?

आगाऊ:
मिशनचे अध्यक्ष नारायण चंदावरकर. प्रार्थना समाजाचे अध्यक्ष कोण? तेच. बघा बुवा किती वेगळं ते.

खुरपं:
तुम्हा दोघांचं प्रार्थना समाजापलीकडे काही जातच नाही. समाजाच्या लोकांचं पंढरपूरचं बालकाश्रम १८७५चं. जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ मध्येच काढलं होतं, पाठीशी कुठलंही उपासना मंदिर नसताना. आणि समाजाचे आधारस्तंभ न्या. रानडे? विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये पत्नी वारली आणि लग्न केलं ११ वर्षांच्या मुलीशी. हा तुमचा सामाजिक न्याय.

आगाऊ:
वडिलांच्या हट्टापुढे नमले, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पुढे रमाबाईंना त्यांनीच शिकवलं, बायकांना शिकवणारं पुण्याचं सेवासदन उभं राहिलं ते त्याच बाईंमुळे.

खुरपं:
३१ वर्षांचा, न्यायखात्यातला माणूस. वडिलांचा हट्ट म्हणे. म्हणजे लग्न बरोबर होतं?

आगाऊ:
असं मी कुठे म्हटलं? माझ्या तोंडी शब्द घालू नका. तुम्हाला दर विषयात रानड्यांचं लग्नच का आठवतं?

खुरपं:
कारण दर विषयात तुम्ही त्यांची आरती करता.

जुना पापी:
चालू द्या. मी शेंगा खातो.

रिकामी घागर:
लग्न लागलं असेल तर मी बोलू का?

मी चौथीत असताना एका सत्संग मंडळाने आम्हाला वह्या वाटल्या. एकेकाला स्टेजवर बोलवायचे, वडील काय करतात ते माइकवरून सांगायचे, मग फोटो. माझी आई त्याच सभागृहाची झाडलोट करायची. तिथे तिच्यासाठी प्यायच्या पाण्याचा पेला वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. एकदा तिने तेवढाच विषय काढला. भांडली नाही, नुसतं विचारलं. पुढच्या महिन्यापासून काम बंद. वह्यावाटप मात्र दरवर्षी चालू.

जुना पापी:
वाईट झालं, खरंच. पण हे माझ्याच बाजूचं उदाहरण नाही का? असल्या मंडळांनी समाजकार्याच्या फंदात पडूच नये.

रिकामी घागर:
माझ्या आईला तुमच्या बाजूला उभी करू नका. वह्या मी भरून काढल्या, पाठकोऱ्या पानांसकट. वह्या नकोत असं म्हणणं नाही. त्या पेल्याबद्दल मंडळातला एकही भक्त का बोलला नाही, एवढंच विचारतेय. अन्नदान ठीक आणि न्याय नको म्हणता, तेव्हा तुम्ही वह्या ठेवता आणि पेलाही ठेवता.

आगाऊ:
+१. म्हणून मला गाडगेबाबा मोठे वाटतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आश्रयाला या असं म्हणाले नाहीत, जागाच देऊन टाकली.

खुरपं:
हे पटलं. तुमच्याकडून पटावं लागलं, हे दुर्दैव.

जुना पापी:
बरं. गाडगेबाबा मान्य. पेल्याचंही मान्य, तिथे कोणीतरी बोलायला हवं होतं. झालं समाधान? मोर्चे मात्र अजिबात मान्य नाहीत.

रिकामी घागर:
'कोणीतरी'. तुमच्या मंडळात पेले किती आहेत, बघून सांगा.

जुना पापी:
आमच्याकडे कागदी असतात.

खुरपं:
रानड्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.