बस्किंगला मराठीत काय म्हणाल?

अबोली
एका कादंबरीचं भाषांतर करतेय. नायक भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी व्हायोलिन वाजवतो, पुढ्यात पेटी उघडी, जाणारे-येणारे नाणी टाकतात. मी 'बस्किंग' तसंच ठेवलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'पथकलाकारी' करून पाठवलंय. मला त्यात पथनाट्य दिसतं: डफ, एकसारखे कुर्ते आणि शेवटी घोषणा. दुसरं काही सुचतंय का?

कानामात्रा
मराठीत शब्दांना काय तोटा! डोंबारी, गारुडी, बहुरूपी, मदारी, दरवेशी. उसनवारी कशाला? आणि बस्किंग तरी इंग्रजांचं कुठे? स्पॅनिश 'बुस्कार' म्हणजे शोधणं, तिथून फिरत फिरत आलेलं.

शिळीबातमी
तुमची निम्मी यादी जातीच्या दाखल्यावर असते. गारुडी, डोंबारी, बहुरूपी ही महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींची नावं आहेत. वाद्य शिकलेला कुणीही पोरगा डोंबारी कसा होईल? मदारी आणि दरवेशी तर मुळात फकीर. माकडं-अस्वलं मागाहून चिकटली, आणि 1998च्या अधिसूचनेने ते खेळही बंद झाले.
शिवाय सभागृहात गोंधळ झाला की 'डोंबाऱ्याचा खेळ' म्हणायची आपल्याला खोड. आडवी काठी धरून दोरीवर चालणाऱ्या त्या पोरीचा तोल यांच्यापैकी कुणाला साधलाय?

उंटावरचा
डोंबारी निघालाच आहे तर सांगतो. संस्कृत 'डोम्ब', त्याचंच युरोपात 'रोम', आर्मेनियाकडे 'लोम', पश्चिम आशियात 'दोम', ही तिथल्या भटक्या जमातींची नावं. हे माझ्या मनचं नाही, भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा ताईंचा नायक रोमा असेल तर डोंबारी फारसं चुकत नाही.

अबोली
तो नॉर्वेचा आहे हो. वडील दंतवैद्य.

रात्रपाळी
वाजवण्याला शब्द शोधू नका, पैशाला शोधा. सगळी गंमत तिथे आहे. वासुदेव मोरपिसांची टोपी घालून पहाटे येतो, सुपातले दाणे झोळीत पडले की 'दान पावलं' म्हणत एकेका देवाला पोच देतो. घेणारा तो नव्हेच, तो नुसता पोहोचवणारा. तमाशात बाईवर उधळतात ती दौलतजादा. कीर्तनकाराला बिदागी. पेटीत पडलेल्या नाण्याला मात्र आपल्याकडे नावच नाही. कायद्याने दिलंय म्हणा! मुंबईच्या 1959च्या भीक प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे घेणं हेही भीक मागण्यातच धरलंय. नॉर्वेकर इकडे आला तर त्याची कला बिला राहील बाजूला.

कानामात्रा
कायद्याची मराठी ही मराठी नव्हे. आणि दौलतजादा कसली सांगता, फारसी! तमाशा अरबी! आपला शब्द हवा तर 'गारूड' घ्या. 'रस्त्यावर गारूड मांडणे'. कसं भारदस्त वाटतं.

शिळीबातमी
तमाशाच्या मुळाशी अरबीतलं 'चालणं' आहे. मिळून हिंडणं, मग हिंडता हिंडता बघणं, मग बघण्याजोगं ते. म्हणजे शब्दच रस्त्यावरचा! तो परका म्हणून हाकललात तर लावणी कुठल्या दारात उभी करणार?

अबोली
मी तूर्त वाक्य फोडलंय: 'जिन्यापाशी वाजवून चार पैसे मिळवायचा.' चालून जातं. पण एका प्रकरणाचं नावच तो एक शब्द आहे. तिथे काय करू?

उंटावरचा
कानामात्रा, नाव हे घेतलंत आणि गारूडचा 'रू' दीर्घ? गरुडावरून गारुड, सापाचं विष उतरवायची विद्या. चक्क संस्कृत. तत्समाचा, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दाचा, उपान्त्य (शेवटून दुसरा) स्वर ऱ्हस्व तो ऱ्हस्वच राहतो. आपण 'गूण' लिहितो का?

कानामात्रा
विष उतरवायला कोण बसलंय आता? आवाजाचं गारूड पडतं, डोळ्यांचं पडतं. अर्थाने एवढा मुलूख ओलांडला, शब्द मराठी झाला. दीर्घच.

रात्रपाळी
अर्थ बदलला की वेलांटी-उकार बदलतात, हा नियम कुठला? मग भारूडचं काय करता? ते 'बहुरूढ'वरून, दीर्घ मुळातलाच.

उंटावरचा
बहुरूढ कसलं! भारुंड. दोन तोंडांचा पक्षी. वर एक अर्थ, आत दुसरा. ऱ्हस्व.

कानामात्रा
पक्षी दोन तोंडांचा असेल, नियम नाही. अनुस्वार गेल्यावर आधीचा स्वर दीर्घ होतो. भारूड. आता बोला.