प्रकाशयोजनेची क्यू शीट एक्सेलमध्ये रंगवून पाहावी का?

रंगपेटी (धागाकर्ता)
एकांकिका स्पर्धेत उतरणाऱ्या संघाला नाट्यगृहात प्रकाश लावून पाहण्यासाठी फार थोडा वेळ मिळतो आणि तोही बहुधा दिवे फोकस करण्यातच जातो. म्हणून प्रकाशयोजनाकाराने सगळे क्यू (प्रकाश बदलण्याचे ठरलेले क्षण) आधीच एक्सेलमध्ये मांडून, रंगवून पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक ओळीत एक क्यू, प्रत्येक रकान्यात एक चॅनेल (स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येणारा दिवा किंवा दिव्यांचा गट) आणि सेलमध्ये ० ते १०० यांमधली पातळी लिहावी. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमधील कलर स्केल (आकड्यानुसार सेलची छटा आपोआप बदलणारी सोय) लावून शून्याला काळा आणि शंभराला पिवळा रंग द्यावा. समोरच्या जनरलचा (सगळा रंगमंच उजळणाऱ्या प्रकाशाचा) रकाना चौथ्या क्यूपासून शेवटपर्यंत सलग पिवळाच दिसला, तर आपण ज्याला प्रसंगबदल म्हणत होतो तो केवळ मागच्या दोन दिव्यांचा चढउतार आहे, हे तिथल्या तिथे लक्षात येते.

कन्सोल (दिवे चालवण्याचे यंत्र) ट्रॅकिंग पद्धतीने, म्हणजे नवी पातळी दिली नाही तर आधीचीच पुढे चालू ठेवत चालत असेल, तर फक्त बदललेली पातळी लिहावी आणि बाकीचे सेल रिकामे ठेवावेत. दुसऱ्या शीटवर ‘सेल रिकामा असेल तर वरच्या ओळीतली पातळी घ्यावी’ एवढे सूत्र दिले, की सायक्लोरामावरचा (रंगमंचामागच्या मोठ्या पडद्यावरचा) विझवायचा राहून गेलेला निळा दिवा पुढच्या सगळ्या क्यूंमधून ओघळत गेलेला स्पष्ट दिसतो.

विंगेतून
माझा याला विरोध आहे. आकडा म्हणजे प्रकाश नव्हे. हॅलोजन दिव्याचे व्होल्टेज निम्मे केले, तर त्याचा प्रकाश निम्मा राहत नाही, सुमारे एक दशांशावर येतो आणि वर तांबूसही होतो. त्याच ५० वर ठेवलेला एलईडी दिवा पूर्णपणे वेगळा वागतो. आपली शीट मात्र दोघांना एकाच छटेत रंगवते. शिवाय दिव्याचा कोन, जेल (दिव्यापुढचा रंगीत कागद), नटाच्या गालावर एकमेकांत मिसळणारे दोन प्रकाश यांतले काहीही त्या सेलमध्ये नसते. नवशिक्या विद्यार्थ्याला ही रंगीत जाळी दाखवली, की तो रंगमंचाकडे पाहण्याऐवजी पडद्यावरची नक्षी सुधारत बसेल, ही माझी खरी काळजी आहे.

रंगपेटी
प्रकाश कसा दिसेल हे शीट सांगत नाही, हे मान्य आहे. ती केव्हा काय बदलते एवढेच सांगते आणि माझी अपेक्षाही तेवढीच आहे. हॅलोजन आणि एलईडी यांच्या रकान्यांना वेगवेगळे कलर स्केल लावले, तर निदान त्यांची तुलना करण्याचा मोह तरी टळतो.

मंदसप्तक
‘केव्हा’ हे तरी ती कुठे सांगते? तीन सेकंदांत संपणारा क्यू आणि सहा मिनिटे टिकणारा क्यू यांच्या ओळींची उंची सारखीच असते. त्यामुळे नाटकाची लय म्हणून जे दिसते, ती खरी लय नसतेच. दर १० सेकंदांना एक ओळ धरली, तर ४० मिनिटांच्या एकांकिकेच्या २४० ओळी होतात आणि फेडही (प्रकाश हळूहळू मंदावणेही) उतरत्या छटांनी भरता येतो. पण नट संवाद घेताना थांबला, की हा हिशेब कोलमडतो, कारण क्यू घड्याळावर नव्हे, वाक्यावर किंवा हालचालीवर द्यायचा असतो. माझ्या मते ओळी संहितेच्या पानांप्रमाणे पाडाव्यात आणि क्यू ज्या वाक्यावर जातो, ते वाक्य पहिल्याच रकान्यात पूर्ण लिहावे.

विंगेतून
या सूचनेशी मी सहमत आहे, कारण ती ऑपरेटरला पुन्हा संहितेकडे वळवते. रंगाबद्दल मात्र माझा आक्षेप कायम आहे. विंगेत किंवा बूथमध्ये लॅपटॉपचा उजेड त्रासदायक ठरतो, म्हणून शेवटी छापील कागदच हातात येतो आणि तो काळ्या-पांढऱ्यात छापला, तर गडद सेलवरचा आकडा वाचताही येत नाही.

दौरेकरी
व्यावसायिक नाटकाच्या दृष्टीने पाहता एक मुद्दा सुटला आहे. दादरचे शिवाजी मंदिर, पुण्याचे बालगंधर्व आणि तालुक्याच्या गावचे सभागृह यांची डिमरव्यवस्था (दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करणारी यंत्रणा) सारखी नसते. रकान्याच्या माथ्यावर चॅनेलचा क्रमांक न लिहिता ‘झोपाळ्यावरचा स्पेशल’ (एकाच जागेसाठी लावलेला दिवा), ‘दारातून येणारे ऊन’ असे दिव्याचे काम लिहावे आणि प्रत्येक नाट्यगृहाचे डिमर क्रमांक वेगळ्या शीटवर ठेवून सूत्राने जोडावेत. नाट्यगृह बदलले तरी क्यू तसेच राहतात. डिमर कमी पडले, तर कोणते दोन दिवे एका डिमरवर घेता येतील, हे शोधायला मात्र रंगीत शीटच उपयोगी पडते, कारण ज्या दोन रकान्यांची छटा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी बदलते, तेच दोन दिवे एकत्र करण्याचा विचार आधी करावा लागतो. अर्थात त्या दोघांची मिळून वॅटेज डिमरच्या क्षमतेत बसते का, हे तपासल्याशिवाय त्यांना हात लावू नये.