परदेशात माजी फेलोंची व्यवसाय परिषद: सहा महिन्यांत काय आधी, काय नंतर?

नवी_कार्यवाह
हम्फ्री, आयझेनहॉवर, आयव्हीएलपी, एओटीएस अशा व्यावसायिक देवाणघेवाण कार्यक्रमांतून जाऊन आलेल्यांची आमची संघटना आहे. शेंगेन क्षेत्रातल्या (एकाच सामाईक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांतल्या) एका शहरात दोन दिवसांची व्यवसाय परिषद घ्यायची आहे. १४ देशांतून साधारण १२० जण येतील, शिवाय यजमान देशातल्या ६० कंपन्या. हातात ६ महिने आहेत. सभागृह ठरल्यात जमा आहे. पुढचा क्रम कसा लावू? खोल्या किती अडवू? दुभाषे लागतीलच का? आणि समोरासमोरच्या बैठकांचं गणित कसं बसवतात?

शिक्कामोर्तब
सभागृह आधी ठरवलंत, ते उलट झालं. तारीख व्हिसापासून मागे मोजत यायची असते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या फार तर ६ महिने आधी आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस, जास्त छाननी लागली तर ४५ पर्यंत. पण हे दिवस ग्राह्य अर्ज दाखल झाल्यापासून धरतात. अपॉइंटमेंट मिळेपर्यंतची रांग त्यात नाही, आणि माणसं अडकतात ती तिथेच. निमंत्रणपत्रं परिषदेच्या किमान ४ महिने आधी हातात पडायला हवीत. पत्रं तयार करायला दोन आठवडे धरले तर नोंदणीसाठी तुमच्याकडे जेमतेम सहा-सात आठवडे उरतात.

पत्र यजमान देशातच नोंदणी असलेल्या संस्थेच्या लेटरहेडवर घ्या. बाहेरच्या देशातल्या संघटनेच्या पत्राला फारसं वजन नसतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, अक्षरन् अक्षर. पासपोर्ट क्रमांक, तारखा, ठिकाण, आणि कोणता खर्च कोण करणार हे सुटं सुटं: विमान कोणाचं, खोली कोणाची, जेवण कोणाचं. 'सर्व खर्च आयोजक करतील' असं ढोबळ वाक्य टाकलं आणि अर्जदाराने स्वतःच्या पैशाने काढलेलं तिकीट जोडलं, की कागद एकमेकांशी भांडायला लागतात. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा. परत जाताना पासपोर्टची मुदत ३ महिने शिल्लक असावी आणि पासपोर्ट १० वर्षांपेक्षा जुना नसावा. नोंदणीच्या फॉर्ममध्येच दोन्ही तारखा विचारा.

परिषदेनंतर कोणी शेंगेनबाहेर एखादी कंपनी बघून परत आत येणार असेल, तर त्याला एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा मागायला सांगा. एक प्रवेश वापरला की संपला.

जाता जाता: पुढची परिषद अमेरिकेत घ्यायची म्हटलं की जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांच्या) व्हिसावर जाऊन आलेल्यांना 'दोन वर्षं मायदेशी' या अटीची धास्ती वाटते. ती अट एच, एल (मुख्यतः नोकरीच्या) आणि कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी आड येते, परिषदेसाठी लागणाऱ्या बी-१ या अल्पकाळाच्या व्यवसाय-भेटीच्या व्हिसासाठी नाही. फक्त तिथे काढलेले दिवस त्या दोन वर्षांत मोजले जात नाहीत.

खोली_नंबर
खोल्यांच्या करारात 'ॲट्रिशन' नावाचं कलम असतं. बजेट बुडतं ते बहुधा त्याच्यामुळे. समजा १०० खोल्या, ३ रात्री, म्हणजे ३०० रूम-नाइट अडवल्या आणि ॲट्रिशन ८० टक्के आहे. मग २४० चे पैसे द्यावेच लागतात. २०० भरल्या तर ४० रिकाम्या खोल्यांचं बिल तुमच्या नावावर. हा हिशेब तिन्ही रात्री मिळून करायचा की रात्रीगणिक, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. शेवटच्या रात्री निम्मे लोक विमानतळ गाठतात, त्यामुळे रात्रीगणिक हिशेब नेहमी महाग पडतो.

दुसरं म्हणजे, काही जण त्याच हॉटेलात ऑनलाइन साइटवरून स्वस्तात खोली घेतात. त्या खोल्या तुमच्या खात्यात धरल्या जात नाहीत. परिषदेची यादी हॉटेलच्या पाहुण्यांच्या यादीशी ताडून बघण्याचं कलम घाला, म्हणजे त्याही मोजल्या जातील. आणि ६० दिवस आधी दंडाशिवाय काही टक्के खोल्या सोडण्याची मुभा मागा. व्हिसाचं चित्र साधारण तेव्हाच दिसायला लागतं.

१२० जण येतील असं धरलं तरी मी ८५-९० खोल्यांवर थांबेन. कमी पडल्या तर शेजारचं हॉटेल आहेच. उरलेल्यांचं मात्र काही करता येत नाही.

काचेमागून
१४ देशांची माणसं आणि ६० स्थानिक कंपन्या म्हटल्यावर दुभाषे लागणारच. माजी फेलोंचं इंग्रजी चांगलं असतं; कंपन्यांकडून बसणाऱ्या माणसाचं असेलच असं नाही. एकाच वेळी भाषांतर करायचं तर एका बूथमध्ये (आवाजबंद काचेच्या खोक्यात) दोन दुभाषे, २०-३० मिनिटांनी आलटून पालटून. एकावर भागवायला गेलात तर अर्ध्या तासानंतर आकडे निसटायला लागतात, आणि व्यवसाय परिषदेत आकडा निसटला की उरलं काय?

सभागृह टेपने मोजा. आयएसओ ४०४३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोघांचा फिरता बूथ किमान १.६० मीटर रुंद, १.६० खोल आणि २ मीटर उंच असतो. तिथून वक्ता आणि पडदा दोन्ही थेट दिसले पाहिजेत. इन्फ्रारेड यंत्रणा घेतली तर आवाज भिंतीपलीकडे जात नाही, गुप्ततेला बरं; पण थेट उन्हात ती चाचरते. मोठ्या खिडक्या असतील तर पडदे लागतात. प्रश्नोत्तरांत माइक हातात न घेता कोणी बोललं, तर बूथमध्ये काहीच पोचत नाही. म्हणून फिरते माइक दोन आणि ते धरून फिरणारी दोन माणसं.

स्लाइड आठवडाभर आधी द्या. त्यातल्या त्यात आकड्यांच्या आणि उत्पादनांच्या नावांच्या तरी.

वेळापत्रक
बैठकांचं गणित साधं आहे, फक्त ते आधी करायचं असतं. २० मिनिटं बैठक, ५ मिनिटं टेबल बदलायला. ३ तासांत ७ फेऱ्या. ६० कंपन्या × ७ = ४२० बैठका, ही कमाल. १२० जणांना प्रत्येकी ५ देतो म्हणालात तर ६०० लागतील, त्यासाठी ८६ कंपन्या हव्यात. प्रत्येकी ३ सांगा: ३६० होतात, ६० जागा मोकळ्या राहतात. त्या मोकळ्याच ठेवा. व्हिसा नाकारलेल्यांच्या बैठका फिरवताना लागतात.

कंपन्या टेबलावर बसून राहू देत, फेलोंनी फिरावं. दुभाष्यामार्फत चालणारी बैठक २० मिनिटांत प्रत्यक्ष १० मिनिटांची होते. तिला सलग दोन फेऱ्या द्या.

खरी गोची मागणीची. पाच-सहा वितरक किंवा बँकांकडे प्रत्येकी चाळीस-चाळीस विनंत्या येतात आणि उरलेली टेबलं रिकामी दिसतात. अशांच्या स्वतंत्र बैठका लावूच नका. आठ-आठ जणांचं गोलमेज लावा. फॉर्ममध्ये 'सहकार्य शोधत आहे' लिहायला जागाच ठेवू नका. काय विकता, काय घेता, किती प्रमाणात, एचएस कोडचे (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या क्रमांकाचे) पहिले ६ अंक (ते सगळीकडे सारखे असतात), आणि येणाऱ्या माणसाला निर्णयाचा अधिकार आहे का, एवढंच विचारा.

जोड्या लावायला महागडं सॉफ्टवेअर लागतं असं सगळे सांगतात. मला पटत नाही. १८० जणांपर्यंत स्प्रेडशीट पुरते. एकाच फेरीत एक नाव दोनदा आलं तर रंग बदलेल एवढा नियम लावला की झालं.

नवी_कार्यवाह
खूपच उपयोगी. दोन शंका. माजी फेलोंची यादी कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थांकडून मिळते का? आणि व्हिसा नाकारला तर नोंदणी शुल्काचं काय?

शिक्कामोर्तब
यादी मागू नका, निरोप पाठवायला सांगा. युरोपच्या डेटा संरक्षण नियमामुळे (२५ मे २०१८ पासून लागू) संपर्क असे सहज हातात देता येत नाहीत. पण संस्था तुमचं निमंत्रण आपल्या वार्तापत्रातून पुढे पाठवू शकतात. त्यांचं बोधचिन्ह छापायला लेखी परवानगी वेगळी लागते. तुमच्या फॉर्मवर संमतीच्या दोन खुणा वेगळ्या ठेवा: एक परिषदेसाठी माहिती वापरायला, दुसरी ती कंपन्यांना दाखवायला. दुसरीला 'नाही' म्हणणारा बैठकांच्या यादीत येणार नाही, हे तिथेच लिहा.

शुल्काबद्दल: नकारपत्र दाखवल्यास बँक खर्च वजा करून परत, पण परिषदेच्या १० दिवस आधीपर्यंतच. अर्ज केव्हा केला याचा पुरावाही मागा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात अर्ज करणाऱ्यांचा भुर्दंड तुमच्यावर येतो. आणि परदेशातून पैसे घेताना 'सर्व बँक शुल्क पाठवणाऱ्याकडे' हा पर्याय निवडायला सांगा. मधल्या बँकांनी कापून घेतलं की प्रत्येक नोंदणी थोड्या थोड्या रकमेने तुटते आणि हिशेब जुळवता जुळवता जीव जातो.