सोसायटीची सूचना-साइट: ऑफिसातल्या लिनक्सवर ह्यूगो

सेक्रेटरी: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आता लिनक्स आहे. सूचना, नियम, सभांची इतिवृत्तं एका साध्या साइटवर टाकायची असं कमिटीत ठरलंय. कुणी पुढाकार घेईल का?

बी-३०२: मी घेते. फक्त वर्डप्रेस नको. त्याला पीएचपी, डेटाबेस, वरचेवर अपडेट लागतात, आणि आपल्याला महिन्याला चार सूचना टाकायच्या आहेत. स्टॅटिक साइट जनरेटर घेऊ. आपण साध्या टेक्स्ट फाइली लिहायच्या, तो त्यांची एचटीएमएल पानं करतो. सर्व्हरवर फक्त पानं जातात.

ए-१०१: जेकिल का? आमच्या ऑफिसात तेच होतं.

बी-३०२: काका, जेकिल चांगलंच आहे, २००८ पासून चालू आहे. पण त्याला रूबी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि तिची जेम्स, म्हणजे जोड-पॅकेजं, लागतात. सिस्टीम अपग्रेड केली की ती जुळणी पुन्हा बघत बसावी लागते. त्यापेक्षा ह्यूगो घेऊ, तोही असाच जनरेटर: २०१३ चं, गो भाषेतलं, आणि सगळं मिळून एकच प्रोग्रॅम फाइल. उद्या कमिटी बदलली तरी नव्या माणसाला हे झेपेल, माझा सगळा भर त्यावर आहे.

सी-२०४: ताई, सरळ ॲप्टने, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, इन्स्टॉल करू?

बी-३०२: करता येईल, पण डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या स्थिर आवृत्त्यांसोबत येणारं ह्यूगो बऱ्याचदा जुनं असतं. थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, नवी आणि ह्यूगो जुनं, की बिल्ड, म्हणजे पानं बनवणं, अडतं. थीमच्या माहितीत किमान आवृत्ती दिलेली असते, ती आधी वाच. जुळत नसेल तर ह्यूगोच्या गिटहब या साइटवरच्या रिलीजमधून डेब, म्हणजे इन्स्टॉल करायची, फाइल घे. थीम ह्यूगोची 'एक्स्टेंडेड' आवृत्ती मागत असेल तर तीच घ्यायची. मग 'ह्यूगो व्हर्जन' चालवून खात्री कर. टर्मिनलमध्ये हे सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत.

सी-२०४: झालं. 'ह्यूगो न्यू साइट' पण केलं. ह्यूगोचा बघण्यापुरता सर्व्हर याच कॉम्प्युटरवर चालू केला, ब्राउझरमध्ये त्याच्या १३१३ पोर्टवर काहीच दिसत नाही. टर्मिनल म्हणतंय लेआउट फाइल सापडली नाही.

बी-३०२: कारण नवी साइट रिकामीच असते. थीम 'थीम्स' फोल्डरमध्ये ठेव आणि तिचं नाव ह्यूगो डॉट टॉमल या सेटिंगच्या फाइलमध्ये लिही. फोल्डरचं नाव आणि हे नाव अगदी तंतोतंत हवं, लिनक्सला मोठं-लहान अक्षर वेगळं वाटतं.

सी-२०४: आलं! पण पाण्याच्या टाकीची सूचना दिसत नाही.

बी-३०२: फाइलच्या वरच्या भागात 'ड्राफ्ट' (कच्चा मसुदा) ट्रू असेल, ते फॉल्स कर. तरी दिसली नाही तर तारीख बघ. पुढची तारीख असेल तर ह्यूगो ते पान बनवतच नाही. त्यामुळे टाकी कधी धुणार ती तारीख मजकुरात लिही, वर आजची ठेव.

ए-१०१: सेव्ह केलं की ब्राउझरमध्ये आपोआप बदलतंय, हे फार आवडलं. सूचना मीही लिहीन.

सेक्रेटरी: थकबाकीची यादी पासवर्ड लावून टाकता येईल का?

बी-३०२: कृपया नको. स्टॅटिक पानाला स्वतःचं लॉगिन नसतं, कुलूप सर्व्हरवर वेगळं लावावं लागतं. आणि ड्राफ्ट म्हणून ठेवली तरी, फाइली सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, असतील तर कुणीही वाचेल. नंतर पुसली तरी इतिहासात राहते. नावं, फोन नंबर, थकबाकी या साइटच्या फोल्डरमध्ये येताच कामा नये. याबाबत मी ठाम आहे.

सेक्रेटरी: पटलं. यादी रजिस्टरमध्येच राहील. जुन्या सूचना आपोआप जातील ना?

बी-३०२: 'एक्स्पायरी डेट' लिहिली तर त्या तारखेनंतरच्या बिल्डमध्ये पान बनत नाही. पण बिल्ड कुणीतरी चालवायला हवं. शिवाय ह्यूगो तयार पानांचं 'पब्लिक' फोल्डर स्वतःहून रिकामं करत नाही, आधी बनलेलं पान तिथेच पडून राहतं. म्हणून मी छोटी स्क्रिप्ट करून ठेवते: आधी 'पब्लिक' पुसणार, मग बिल्ड, मग आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने सर्व्हरवर. आरसिंकला 'डिलीट' पर्याय द्यायचाच, नाहीतर इकडून गेलेली सूचना सर्व्हरवर तशीच दिसत राहील.

सी-२०४: स्क्रिप्ट झाली की पहिल्यांदा मी चालवून बघतो, ताई.