नोरा रॉबर्ट्स यांची लेखनाची बैठक आणि माझी चौदाव्या प्रकरणात अडलेली कादंबरी

शिशिरधून:

नमस्कार. मी नाशिकमध्ये शिक्षिका आहे आणि गेली दोन वर्षे एक प्रेमकादंबरी लिहिते आहे. नायक निफाडकडचा द्राक्ष बागायतदार आहे, तर नायिका पुण्यातली नोकरी सोडून माती परीक्षणाची प्रयोगशाळा चालवायला गावी परतलेली आहे. तेरा प्रकरणे झाली. चौदाव्यात दोघे एकमेकांच्या जवळ यायला हवेत, पण तिथे गेले चार महिने माझी लेखणी अडून बसली आहे. दोघे बोलतात, चहा पितात, पुन्हा बोलतात, आणि मी लिहिलेले खोडून टाकते.

कॉलेजात असताना मी पुण्यातल्या एका भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयातून नोरा रॉबर्ट्स यांच्या कादंबऱ्या आणून वाचत असे. दोनशेहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या बाईंना आजच्या काळातल्या, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या साध्या माणसांच्या प्रेमकथा इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा सुचल्या कशा, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे. त्यांची लिहिण्याची पद्धत कशी आहे, आणि प्रेरणा म्हणतात ती त्यांना नेमकी कुठून मिळाली? माझ्या घरात ‘काहीतरी गंभीर लिही’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. प्रेमकथा गंभीरपणे कशी लिहावी हे सांगणारे कोणी नाही, म्हणून इथे विचारते आहे.

वाचनवेल:

शिशिरधून, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण या लेखिकेचा मी बरीच वर्षे अभ्यास करत आले आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे ‘कारखान्यासारखे लिहिणारी’ एवढेच बोलले जाते.

एलिनॉर मेरी रॉबर्टसन हे त्यांचे मूळ नाव. जन्म 1950 चा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंगचा. पाच भावंडांत धाकट्या, घराणे मूळचे आयरिश. शाळेत ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) हाताखाली काही काळ शिकल्या, आणि आपल्या अंगी जी शिस्त आहे तिचे श्रेय त्या या जोगिणींना देतात. लवकर लग्न झाले, कीडीसव्हिल या लहानशा गावात संसार सुरू झाला, काही काळ वकिलाच्या कचेरीत काम केले. पुढे 1979 च्या फेब्रुवारीत मोठे हिमवादळ आले. शाळा बंद, घरात तीन आणि सहा वर्षांचे दोन मुलगे, बाहेर पडण्याची सोय नाही, अशा कोंडलेल्या दिवसांत त्यांनी वही आणि पेन्सिल काढली आणि डोक्यात घोळणारी एक गोष्ट उतरवायला घेतली. ती सवय मग सुटली नाही.

सुरुवातीला नकारच आले. हार्लेक्विन या प्रेमकादंबऱ्यांच्या प्रकाशनाने तर ‘आमच्याकडे आमची अमेरिकन लेखिका आधीच आहे’ अशा अर्थाचे उत्तर पाठवले होते. त्या काळी या प्रकाशनाचा भर ब्रिटिश लेखिकांवर असे, त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी जणींची हस्तलिखिते परत जात. हे हेरून 1980 मध्ये सिल्हूएट हे नवे प्रकाशन निघाले आणि 1981 मध्ये रॉबर्ट्स यांची पहिली कादंबरी ‘आयरिश थरोब्रेड’ तिथूनच आली. आयर्लंडहून मेरीलँडच्या घोड्यांच्या फार्मवर काकाकडे आलेल्या मुलीची ती गोष्ट आहे. म्हणजे पहिल्याच पुस्तकात घराण्याचा देश आणि पायाखालची जमीन या दोन्ही गोष्टी आल्या. त्यानंतर 1982 ते 1984 या तीन वर्षांत त्यांनी सिल्हूएटसाठी 23 कादंबऱ्या लिहिल्या.

पद्धतीविषयी तुम्ही विचारले आहे, आणि मला वाटते तुमच्या अडचणीचे उत्तर तिथेच आहे. त्या आधी आराखडा करत नाहीत. मनात एखादा प्रसंग, एखादे माणूस किंवा एखादी जागा स्पष्ट दिसली की लिहायला बसतात आणि पहिला खर्डा लहान, भराभर, गोष्टीचा सांगाडा उभा राहील एवढाच लिहितात. मग पुन्हा पहिल्या पानावर येऊन दुसरा खर्डा करतात. रंग, पोत, माणसांच्या मनातले बारकावे हे सगळे या दुसऱ्या फेरीत येते. तिसऱ्या फेरीत भाषेवर हात फिरवतात आणि हस्तलिखित पाठवतात. दिवसाला साधारण आठ तास बैठक असते, आणि सुट्टीवर गेल्या तरी ती मोडत नाही. विमानप्रवासाचा त्यांना तिटकारा असल्यामुळे संशोधन बहुतेक घरी बसूनच होते. तीन कादंबऱ्यांची माळ असेल तर त्या तिन्ही सलग लिहितात, म्हणजे त्या माणसांची संगत मध्येच तुटत नाही.

तुम्ही चौदावे प्रकरण खोडत राहिलात, कारण दुसऱ्या खर्ड्याची अपेक्षा तुम्ही पहिल्याकडून करता आहात. बिघडलेले पान दुरुस्त करता येते, कोऱ्या पानाचे काहीच करता येत नाही, असे त्या नेहमी सांगतात. तेव्हा ते प्रकरण वाईट लिहा, पण पूर्ण लिहा आणि पुढे जा.

पोटोमॅककाठची:

मी गेली अकरा वर्षे मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गजवळ राहते. तिथून तासाभराच्या आत बून्सबरो येते. रॉबर्ट्स यांच्या घराच्या परिसरातले हे गाव मी तीनदा पाहिले आहे, म्हणून प्रेरणेच्या प्रश्नावर थोडे लिहिते.

गाव अगदी लहान आहे. जुना नॅशनल रोड हाच गावचा मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी घरे, आणि मागे साऊथ माउंटनची रांग. याच रस्त्यावर त्यांच्या पतीचे, ब्रूस वाइल्डर यांचे, ‘टर्न द पेज’ हे पुस्तकांचे दुकान आहे. वाइल्डर हे मूळचे सुतारकाम करणारे. घरात पुस्तकांची कपाटे करून घेण्यासाठी रॉबर्ट्स यांनी त्यांना बोलावले, आणि 1985 मध्ये दोघांचे लग्न झाले. ही हकिकत मला त्यांच्या कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त आवडते, कारण त्यांच्या नायकांच्या हातांना लाकडाचा वास का येतो ते तिथे कळते.

चौकाच्या कोपऱ्यावर अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली एक दगडी खाणावळवजा इमारत मोडकळीला आली होती. रॉबर्ट्स दांपत्याने ती विकत घेऊन दुरुस्तीला काढली. 2008 च्या फेब्रुवारीत, काम चालू असतानाच, तिला आग लागली. त्यांनी ती पुन्हा उभी केली आणि 2009 मध्ये ‘इन बून्सबरो’ या नावाने पाहुण्यांसाठी उघडली. खोल्यांना साहित्यातल्या जोडप्यांची नावे आहेत, एलिझाबेथ आणि डार्सी, जेन आणि रॉचेस्टर, टिटानिया आणि ओबेरॉन. अट एकच पाळली आहे की त्या जोडप्याचा शेवट गोड झालेला असला पाहिजे, त्यामुळे रोमिओ-ज्युलिएट यांना तिथे खोली मिळालेली नाही.

आणि मग या सगळ्या दुरुस्तीतूनच 2011 आणि 2012 मध्ये तीन कादंबऱ्या आल्या. बांधकाम करणारे तीन भाऊ आणि त्यांची आई मिळून हीच जुनी इमारत दुरुस्त करतात. एक भाऊ वास्तुरचनाकार आहे आणि त्याचे प्रेम पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या, तीन मुलांच्या आईवर आहे. दुकानाचे नावही तेच, ‘टर्न द पेज’. ही बाई सैनिकाची विधवा आहे, आणि कादंबरीतले भूत अमेरिकी यादवी युद्धात गेलेल्या आपल्या माणसाची वाट पाहत थांबलेले आहे. अँटिएटमची रणभूमी, जिथे 1862 च्या सप्टेंबरात एका दिवसात हजारो माणसे पडली, ती तिथून गाडीने काही मिनिटांवर आहे. त्या चौकात उभे राहिल्यावर मला जाणवले की बाईंनी विषय शोधायला गाव सोडलेलेच नाही. दारासमोरची पडकी इमारत, घरातला सुतार आणि टेकडीपलीकडचे युद्ध यांच्याकडे त्या पुरेसा वेळ पाहत राहिल्या.

तासिका:

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एक गोष्ट नोंदवतो. आठ तासांची बैठक हे ज्यांचे लेखन हाच व्यवसाय आहे त्यांचे वेळापत्रक आहे. शाळा, घर आणि वह्या तपासणे सांभाळून लिहिणाऱ्या बाईंना ते मोजमाप लावू नये. त्यांनी पाऊण तास बसावे, पण रोज बसावे.

शिवाय हा विचार आपल्याला परका नाही. ना. सी. फडके यांनी 1931 मध्येच ‘प्रतिभासाधन’ लिहून ललितलेखनाचे तंत्र शिकता येते आणि शिकावे लागते, ही भूमिका मराठीत मांडली होती. प्रेमकथा लिहिणाऱ्या या लेखकाला ‘कलेसाठी कला’ या वादात पुष्कळ बोल ऐकावे लागले, परंतु कारागिरीबद्दलची त्यांची आस्था आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. घरच्यांच्या ‘गंभीर लिही’ला तेवढे उत्तर पुरे.

मांडवाखालची:

मी निफाड तालुक्यातल्या बागायतदाराची मुलगी आहे. शिशिरधून ताई, तुमची पहिली काही प्रकरणे तुम्ही इथे दिली होती ती मी वाचली आहेत, आणि आवडलीही आहेत. पण एक मोकळेपणाने सांगते. तुमचा नायक द्राक्ष बागायतदार आहे असे आम्हाला कळते, पण तो बागेत काही करताना दिसत नाही. पोटोमॅककाठच्या ताईंनी त्या सुताराबद्दल लिहिले तेव्हा मला हेच आठवले. रॉबर्ट्स यांच्या ‘बॉर्न इन फायर’मधली मॅगी ही काचेची कलावंत आहे, आणि तिच्याकडे येणाऱ्या माणसाला ती आधी भट्टीपाशी, कामात गुंतलेली दिसते.

तुमच्या चौदाव्या प्रकरणात महिना कोणता आहे? डिसेंबर-जानेवारी असेल तर तुमचे दोघे चहा पीत बसूच शकत नाहीत. ऑक्टोबर छाटणीच्या बागेत तेव्हा मण्यांत पाणी उतरायची वेळ आलेली असते, आणि निफाडची थंडी पडली की पांढऱ्या जातीच्या मण्यांवर गुलाबी झाक येते. त्याला आम्ही पिंक बेरी म्हणतो. असा माल निर्यातीत चालत नाही. म्हणून घडांना पेपर लावतात. रद्दीतली वर्तमानपत्रे आणायची, एकेका घडाभोवती गुंडाळायची आणि वर पिन मारायची. मांडव डोक्याएवढ्या उंचीवर असतो, दिवसभर हात वर करून खांदे भरून येतात, शाई बोटांना लागते. एकाने घड धरून ठेवला आणि दुसऱ्याने पेपर गुंडाळून पिन मारली तर काम लवकर उरकते, आणि त्या वेळी दोघांच्या चेहऱ्यांमध्ये एका घडाइतकेच अंतर असते. माझ्या आईवडिलांना मी असे काम करताना पाहिले आहे. ते बोलत नसत, आई फक्त पेपर पुढे करण्याआधी त्यावरची बातमी वाचायची आणि वडील थांबायचे.

पारा फारच उतरला तर रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या वेळी अख्खे घर बाहेर असते, आणि मातीची परीक्षा करणारी तुमची नायिका त्या रात्री घरी झोपून राहील असे मला वाटत नाही.

शिशिरधून:

सर्वांचे मनापासून आभार. वाचनवेल ताई, खोडणे आजपासून बंद करते आहे. तासिका सर, पाऊण तास मला शाळेतून आल्यावर संध्याकाळी सहाला मिळू शकतो, तो धरला.

मांडवाखालची, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्या कादंबरीत महिना जानेवारीच आहे, आणि त्या दोघांना मी आतापर्यंत ओसरीवर बसवून ठेवले होते. काल रात्री त्यांना बागेत नेले. तिने पेपर पुढे केला आहे, त्यावर तिच्याच प्रयोगशाळेची छोटी जाहिरात आहे, आणि त्याने ती वाचेपर्यंत घड धरून ठेवला आहे. पिन अजून मारलेली नाही. या रविवारी मला कोणी बाग दाखवू शकेल का? पेपर लावताना घडाला देठापाशी धरतात की खालून, एवढे मला स्वतः हात लावून पाहायचे आहे.