गुलशन नंदांच्या कथांमधलं रडणं खटकतं का?

रानजाई: हिंदी कादंबरीकार गुलशन नंदांच्या कादंबरीवरचा ‘कटी पतंग’ सिनेमा आईसोबत पुन्हा पाहिला. रेल्वेचा अपघात, मरताना पूनम या मैत्रिणीने सोपवलेलं बाळ, मग तिच्याच नावाने तिच्या सासरी विधवा म्हणून राहणं. योगायोगांची रास! तरी पांढऱ्या साडीतली आशा पारेख दिसली की घसा दाटतो. हे नुसतं पलायन कसं म्हणू?

जुनं_पान: १९७३चा ‘दाग’ही त्यांच्याच कादंबरीवरचा. मेला समजलेला नवरा दुसऱ्याच नावाने जगत असतो. सरळ वाटेने जे घडवता येत नव्हतं, ते नंदा अपघाताकडून करवून घ्यायचे.

मीरा_सातारा: माझा राग रडण्यावर नाही, ‘कटी पतंग’मधल्या होळीच्या गाण्यावर आहे. राजेश खन्ना आशा पारेखला रंग लावतो, पण ती खरी विधवा नाही हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून ते चालून जातं. खरी पूनम जगली असती तर तिला कुणी रंग लावला असता?

रानजाई: मीराताई, हे बोचलं. आईलाही सांगितलं, ती बराच वेळ गप्प होती. आता मूळ कादंबरी वाचायचीच आहे. कुणाकडे जुनी पॉकेटबुक प्रत आहे का?